कॅमेऱ्याचं फर्मवेअर: ॲपवरून की फाइल चढवून?

मुलुंडच्या एका सोसायटीत १६ आयपी कॅमेरे (नेटवर्कवर चालणारे) आहेत. त्यांचं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट कसं करावं: मोबाइल ॲपवरून, की फाइल डाउनलोड करून लॅपटॉपवरून कॅमेऱ्यात चढवून? हा सेक्रेटरींचा प्रश्न.

मेहनत ॲपला कमी, पण कॅमेरा इंटरनेटवर ठेवावा लागतो. फाइल चढवताना लॅपटॉप केबलनेच जोडा. लेबलवरचं मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन तंतोतंत जुळायला हवं. फर्मवेअर फारच जुनं असेल तर बऱ्याचदा मधलं व्हर्जन आधी टाकावं लागतं.

डाउनलोड तुटलं तर सहसा पुन्हा करता येतं. नवं फर्मवेअर कॅमेऱ्यात लिहिलं जात असताना वीज गेली तर मात्र कॅमेरा कायमचा बंद पडू शकतो, पद्धत कुठलीही असो. म्हणून पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) यूपीएसवर हवाच! आधी सेटिंग्जचा बॅकअप घ्या, एकाच कॅमेऱ्यावर करून पाहा, मग घड्याळ आणि रेकॉर्डिंग तपासा.

घरातल्या एक-दोन वायफाय कॅमेऱ्यांना ॲप पुरे. एनव्हीआरवरच्या (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राला जोडलेल्या) सोसायटीच्या कॅमेऱ्यांना फाइलच बरी.