ईमेलची संभाषणं: सलग यादी बरी की फांद्यांची मांडणी?

प्रत्येक मेलला स्वतःचा मेसेज-आयडी असतो. आपण रिप्लाय केला की मूळ मेलचा आयडी नव्या मेलच्या 'इन-रिप्लाय-टू' या सहसा न दिसणाऱ्या रकान्यात जातो आणि त्याआधीच्या साखळीतले आयडी 'रेफरन्सेस'मध्ये. कोणी कोणाला उत्तर दिलं, हे मेलमध्येच नोंदलेलं असतं. ते दाखवायचं किती, हे मात्र प्रत्येक प्रोग्रॅम आपापलं ठरवतो.

2004 मध्ये आलेल्या जीमेलने सलग मांडणी रुळवली. सगळी उत्तरं वेळेच्या क्रमाने एकाखाली एक, आपण पाठवलेलीही त्यातच. दोघांतला पत्रव्यवहार वाचायला याहून सोयीचं काही नाही. पण चर्चेत पाच-सहा जण आले की गाडी अडते. दोन पर्याय मांडले गेलेत आणि खाली कोणीतरी लिहितं, "चालेल." कशाला चालेल? नोंद मेलमध्ये आहे, पण पडद्यावर नाही. निर्णय अशाच एका ओळीवर होतात, म्हणून मला हा दोष किरकोळ वाटत नाही. शिवाय विषयाची ओळ बदलली किंवा मेल 100च्या वर गेले की जीमेल नवं संभाषण सुरू करतं.

थंडरबर्ड आणि मट हे मेलचे प्रोग्रॅम फांद्या दाखवतात. ज्या मेलला उत्तर, त्याच्याच खाली, थोडं आत सरकवून. वरचं "चालेल" इथे आपल्या जागी बसतं. बरेच जण जुन्या मेलला रिप्लाय करून, विषय बदलून भलतीच गोष्ट सुरू करतात, आणि ती जुन्या धाग्याला, म्हणजे उत्तरांच्या साखळीला, चिकटून राहते. मटमध्ये असा धागा हाताने तोडता येतो, तुटलेले जोडताही येतात. थंडरबर्डमध्ये आपली उत्तरं सहसा 'सेंट'मध्ये पडतात आणि धागा अर्धवट दिसतो. खात्याच्या सेटिंगमध्ये उत्तरं मूळ मेलच्याच फोल्डरमध्ये ठेवायला सांगा, म्हणजे तो पूर्ण होतो.

आउटलुकमध्ये संभाषणानुसार मांडणी चालू-बंद करता येते आणि दुसऱ्या फोल्डरमधले मेलही त्यात आणता येतात.

तुमचा पत्रव्यवहार मुख्यतः एकास एक असेल, तर जीमेलची मांडणी पुरेशी आहे. गटात चर्चा करून निर्णय घेत असाल, तर फांद्याच घ्या, सवय व्हायला थोडा वेळ गेला तरी. आणि आलेला प्रत्येक मेल स्वतंत्रपणे निकाली काढायचा असेल, तर मेल संभाषणांत एकत्र करणंच बंद करा. जीमेलमध्ये ही सोय 2010 पासून आहे.