पाच गॅलनचं बिअर किट: चव झकास, माप अपुरं

घरी बिअर बनवायच्या या किटच्या खोक्यावर पाच गॅलन, म्हणजे जवळपास १९ लिटर. अमेरिकेतल्या नेहमीच्या ३५५ मिलीच्या बाटल्या धरल्या तर ५३ भरायला हव्यात. आमच्याकडे न्यू जर्सीत भरल्या ४४. थोडी घट धरायचीच: हायड्रोमीटरसाठी (बिअरची घनता मोजायचं उपकरण) काढलेली, हॉप्सनी (कडवटपणा आणणारी फुलं) शोषलेली आणि तळाशी बसलेला यीस्टचा गाळ. खरी अडचण तोटीची आहे. बाटल्या भरायच्या बादलीला ती तळापासून चांगली दोन बोटं वर बसवलीय. खालची स्वच्छ, सोनेरी बिअर डोळ्यांसमोर असते आणि बाहेर येत नाही. आतून लावायची वाकडी नळी किटमध्ये द्यायलाच हवी. सुटी घेतली तर फार महाग नसते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे साखरेची पुडी, बाटलीत गॅस धरावा म्हणून भरताना बिअरमध्ये घालायची. १४० ग्रॅमची ती पुडी पूर्ण पाच गॅलनसाठी आहे. बिअर १६ लिटरच निघाली तर साधारण ११८ ग्रॅम पुरे. सगळी ओतली तर फेस उसळतो, बाटली फुटूही शकते. माहितीपत्रकात याबद्दल चकार शब्द नाही, आणि ते मला अजिबात पटलेलं नाही.

चव मात्र एकदम फक्कड. कडवटपणा बेताचा, संत्र्याच्या सालीसारखा वास. तीन तारे.