वास तपासायला काय ठेवावं: पेनं, पुस्तिका की स्पिरिटचा स्वॅब?

कोविडनंतर 'वासच येत नाही' म्हणणारे पेशंट वाढले. पार्किन्सनमध्ये तर हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो. त्यामुळे ओपीडीत झटपट उरकणारी एखादी चाचणी हवीच. जळगाव-धुळ्याकडे प्रॅक्टिस करणाऱ्या कुणी घ्यायचा विचार केला असेल, तर तिन्ही वापरून झालेलं माझं मत सांगतो.

नवसागर-चुना किंवा कांदा हुंगवून पाहणं आधीच बाजूला ठेवू. तो झणका वासाच्या नसेला नाही, चेहऱ्याच्या संवेदनेच्या पाचव्या नसेला कळतो. वास पूर्ण गेलेला माणूसही दचकतो.

स्निफिन स्टिक्स, म्हणजे वासाची पेनं, १९९७ पासून आहेत. छोट्या संचात १२. टोपण काढायचं, नाकाखाली धरायचं, चार पर्यायांतून नाव विचारायचं. आखणी नेटकी, संच पुन्हापुन्हा वापरता येतो, आणि आकडा मिळतो म्हणून कागदावर शोभतोही.

माझं अडलं ते नावांवर. पेन असो वा पुस्तिका, केळ्याचा तयार वास हा बहुधा आयसोअमाइल ॲसिटेटचा, म्हणजे पिवळ्या गोळीचा. रावेर-यावलकडचा, जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस हुंगतो आणि ठामपणे म्हणतो, "हे केयं नाही, डाक्टर." आता गुण द्यायचा की कापायचा? त्याचं नाक शाबूत आहे, किंबहुना जास्तच चोखंदळ आहे. चामड्याच्या वासाला लोक गप्प बसतात. ज्येष्ठमधाला बडीशेप म्हणतात, आणि मला ते चूक म्हणवत नाही. निम्मा वेळ पर्याय समजावण्यात जातो आणि समजावता समजावता आपणच उत्तर सुचवून बसतो. मोठ्या शहरात हा त्रास कमी होत असेल.

अप्सिटची (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची वास ओळखायची चाचणी) ४० वासांची खरवडून हुंगायची पुस्तिका (१९८४) यात आणखी पुढे: डिल पिकल, रूट बिअर असले अमेरिकन वास! वाचता येणं गरजेचं, आणि एकदा वापरली की संपली. मात्र अपघाताच्या क्लेमची केस असेल तर तिला तोड नाही. इथेही चारच पर्याय, त्यामुळे नुसत्या अंदाजाने ठोकलं तरी ४० पैकी दहाएक बरोबर येतात. कुणाचे दोन-तीनच आले, तर तो बरोबर उत्तर ओळखून टाळतोय अशी शंका घ्यायला जागा आहे.

राहिला स्वॅब. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा सीलबंद पॅड, ७० टक्क्यांचा, आणि अंतर मोजायची एक टेप. पेशंटचे डोळे-तोंड बंद, पॅड पोटाजवळून सुरू करून दर उच्छ्वासाला एकेक सेंटिमीटर वर आणायचा. वास कुठे लागला ते नाकापासूनचं अंतर मोजायचं. पॅड बराच लांब असतानाच कळला तर ठीक. नाकाशी आल्यावरच कळला तर ते झोंबणंही असू शकतं. नाव सांगायची गरजच नाही, आणि इंजेक्शनचा वास निरक्षर आजीबाईंनाही ठाऊक असतो.

त्रास यातही आहे. पंखा बंद करावा लागतो, तोही जळगावच्या मे महिन्यात! सॅनिटायझर आधी खोलीबाहेर न्यावा लागतो. वास येतो पण भलताच येतो, अशा पेशंटला तर स्वॅब फारसा कामाचा नाही. त्यांच्यासाठी पेनं कपाटात आहेत. स्वॅबचा डबा मात्र टेबलावर असतो.