तुर्कस्तानचा क्यूआर, इर्शाळवाडीचा क्यूआर, नाव एकच

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्याच दिवशी गणपती बुडवलेले. औसा तालुक्यातलं आमचं घर गेलं. पुढची दोन-तीन वर्षं पत्र्याच्या शेडात काढली, आणि अंगावरचे कपडेसुद्धा कुणा अनोळखी माणसांनी पाठवलेले होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान-सीरियात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्याचे फोटो बघून मला ती पहाटच आठवली.

आप्पा, माझे थोरले चुलते, म्हणाले, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथं आपला शेतकरी फास घ्यायलाय अन् तू तुर्कस्तानला पैसे धाडायलीस व्हय?" मी ऐकलं नाही. आमच्यासाठी लांबून मदत आली होती, एवढंच मला कळत होतं.

भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. ढिगाऱ्यातल्या लेकराचा फोटो, मोठ्या संस्थेसारखं बोधचिन्ह, 'आज रात्री १२ पर्यंतच' आणि क्यूआर कोड. स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी एका पुरुषाचं नाव आलं. तिथंच थांबायला हवं होतं. खजिनदाराचं खातं असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. ५,००१ रुपये गेले. पावती आली नाही, पण तोवर मी तो मेसेज शाळेच्या ग्रुपवर टाकला होता: 'मी पाठवले, तुम्हीही पाठवा.' चार बाईंनी पाठवले.

१९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दोन दिवसांनी आप्पांनीच मला एक क्यूआर पाठवला. "ही आपली माणसं. इथं दे." त्यांनी २,००० आधीच दिले होते. मी स्कॅन केला. फोटो वेगळा, मजकूर वेगळा, नाव तेच.

त्या माणसाला तुर्कस्तानशी देणंघेणं नव्हतं आणि इर्शाळवाडीशीही नव्हतं. परक्यांना द्यावं की आधी आपल्यांना, यावर मी आणि आप्पा पाच महिने भांडलो, आणि दोघांचेही पैसे एकाच खिशात गेले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे बँकेत अडवता येतात. आम्हाला फार उशीर झाला होता. आता पिन टाकण्याआधी मी स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाचते. व्यक्तीचं नाव दिसलं की बंद. मेसेजमधली लिंक उघडतच नाही, संस्थेची वेबसाइट स्वतः शोधते, आणि पावती मागितल्यावर जो 'नंतर पाठवतो' म्हणेल त्याला देत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या नावानं मेसेज आला तरी हेच.

चौघींचे पैसे मी पगारातून परत केले. एकीनं ते घेतले, पण त्याच महिन्यात शाळेत इर्शाळवाडीसाठी वर्गणी काढली तेव्हा, मुख्याध्यापक समोर डबा घेऊन उभे असताना, ती "मला नका सांगू" म्हणून उठून गेली.