भिंतीवर कोटणीसांचा फोटो होता

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी अकाउंट्स बघते. जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात: महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत दहा-दहा तास टॅलीपुढून हलता येत नाही. वर येळ्ळूरहून रोजची स्कूटर. गेल्या वर्षी उन्हाळ्यात उजवा खांदा दगडासारखा झाला, मग अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या.

शहापुरात अ‍ॅक्युपंक्चरचं एक सेंटर नवीन उघडलं होतं. आत गेल्या गेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा मोठा फोटो, ताजा हार घातलेला. तिथला माणूस म्हणाला, "बसा ताई निवांत. आपल्या माणसाकडं आलायसा." बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला या वाक्यानं काय होतं हे बेळगावकरांना सांगायला नको. कचेरीत, बँकेत, दवाखान्यात आपण कानडीत जुळवून घेतो आणि त्याची सवयही झालेली असते. तिथं मी माझं दुखणं पहिल्यांदा माझ्या भाषेत, सविस्तर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मी तिथंच फसले.

"कोटणीस साहेबांनीच ही विद्या चीनमधून आणली," असं त्यानं सांगितलं. मग हातात धातूची एक दांडी धरायला दिली आणि दोन मिनिटांत कॉम्प्युटरवर रिपोर्ट आला: यकृतात उष्णता, किडनी कमजोर, मानेतला 'प्रवाह' अडलेला. 21 सिटिंग, 18,900 रुपये, सगळे आगाऊ. गणपतीआधी भरले तर चूर्ण फुकट. मी त्याच संध्याकाळी भरले.

पावती कन्नडमध्ये होती. मी कानडी बोलते, पण शाळा मराठी माध्यमाची, वाचायला वेळ लागतो. न वाचताच सही केली. पुढं ऑफिसातल्या बैलहोंगलच्या मैत्रिणीनं ती वाचली आणि म्हणाली, "अक्का, यात लिहिलंय की हा वैद्यकीय उपचार नाही आणि पैसे परत मिळणार नाहीत." तोंडानं 'कायमचं बरं करतो' आणि कागदावर हे!

पैशांपेक्षा मला सुयांचं जास्त लागलं. पहिल्या दोन वेळा त्यानं बंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. तिसऱ्या वेळेपासून सुया स्पिरिटच्या स्टीलच्या ताटलीतून यायला लागल्या. विचारलं तर म्हणाला, "तुमच्याच आहेत ताई, वेगळ्या ठेवल्यात." ताटलीवर ना नाव ना खूण. सहाव्या वेळी माझ्या आधी झोपलेल्या आजोबांच्या सुया त्याच ताटलीत पडताना मी डोळ्यांनी पाहिल्या. तरी त्या दिवशी मी उठून गेले नाही, कारण पैसे भरलेले होते. नुसत्या स्पिरिटमध्ये बुडवून सुई निर्जंतुक होत नाही. दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून कावीळ बी, कावीळ सी यांसारखे आजार रक्तात जाऊ शकतात.

मुंग्या वाढल्या. एक दिवस चहाचा कप हातातून सुटला. "रोग बाहेर पडतोय," तो म्हणाला. अकराव्या सिटिंगनंतर नवरा मला ओढूनच हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकून शीर दाबलेली दिसली. मुंग्या सुरू झाल्या तेव्हाच यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी रक्ताच्या तपासण्याही करायला लावल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा, कारण लागण झाली तरी ती लगेच तपासणीत दिसतेच असं नाही. ते मधले महिने मी कसे काढले, ते माझं मला माहीत.

नंतर कोटणीसांबद्दल वाचलं. सोलापूरचे ते सर्जन 1938 मध्ये भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथंच वारले. ते परत आलेच नाहीत, मग विद्या आणणार कुठून? त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू यांनी 1959 मध्ये कलकत्त्यात अ‍ॅक्युपंक्चर सुरू केलं. एवढ्या मोठ्या माणसाला हार घालून त्याच्याखाली असला धंदा चालवला, याचा मला अजून संताप येतो.

अ‍ॅक्युपंक्चरवर माझा राग नाही. केंद्र सरकारनं 2019 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली आहे आणि नीट शिकलेल्या माणसाच्या हातून काहींच्या मानदुखीला आराम पडतो. पण सुईचं बंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि काम झालं की ती सुई टाकून दिली पाहिजे. खांद्या-पाठीत सुई जास्त खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. नंतर दम लागला तर थेट हॉस्पिटल गाठा. कर्नाटकात खासगी दवाखान्यांना 2007 च्या कायद्यानं नोंदणी घ्यावी लागते, तो कागद भिंतीवर शोधा. माझ्या समोरच्या भिंतीवर तीन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र होतं, आणि ते मी पैसे भरल्यावर वाचलं.

दिवाळीनंतर सेंटरला कुलूप लागलं, फोन बंद. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देतेय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही. पावती आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट मी जपून ठेवलेत. तिथं गेलेल्या बाकीच्यांनीही ठेवा.

माझ्या दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या. त्या आजोबांचं मला कळलेलं नाही. वडगावचे विणकर होते, गुडघा दुखतो म्हणून यायचे, नाव विचारायचं राहिलं. तुमच्या घरातले, गल्लीतले असतील तर एकदा त्यांचं रक्त तपासून आणा.