‘विषमुक्त घर’ किटचा डेमो घरी ठेवण्याआधी हे वाचा

संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा हंगाम, आणि आमच्या सांगली-मिरज भागात तोच द्राक्षांचाही. नैसर्गिक, केमिकल-फ्री म्हणून घरगुती वस्तूंचं किट विकणाऱ्यांनी हे दोन्ही बरोबर हेरलंय. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत झालं, यंदा पलीकडच्या कॉलनीत तेच सुरू आहे असं कळलं, म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. हेच प्रयोग वेगवेगळ्या नावांनी फिरतात, आणि एक नाव टाळलं की आपण सुटलो असं कुणाला वाटायला नको.

पद्धत अशी. ओळखीतल्याच एखादीच्या घरी हळदीकुंकू असतं. कंपनीच्या ताई वाणाचा खर्च उचलतात. प्रत्येकीला भांडी घासायच्या लिक्विडची छोटी बाटली वाण म्हणून मिळते. तिळगूळ झाला की ‘पाचच मिनिटं’ म्हणून टेबलावर दोन काचेचे बाऊल येतात.

पहिल्या बाऊलमध्ये बाजारातून आणलेली द्राक्षं. त्यावर पाणी आणि चमचाभर पांढरी पावडर. थोड्या वेळात पाणी गढूळ, पिवळसर होतं. ‘बघा, हे विष तुम्ही मुलांना खायला घालता!’ दुसऱ्या बाऊलमध्ये तपकिरी पाणी. हे म्हणे फरशी पुसायच्या नेहमीच्या लिक्विडमधल्या केमिकलसारखं. त्यात त्यांच्या ‘वनस्पती एन्झाइम’चे थेंब पडतात आणि पाणी क्षणात काचेसारखं स्वच्छ. बायका टाळ्या वाजवतात. मग किट. भाज्या धुवायची पावडर, फरशीचं, भांड्यांचं आणि कपड्यांचं लिक्विड, मिळून ४,८०० रुपये. शिवाय तेवढ्यातच ‘मेंबर आयडी’, आणि आणखी दोघींना आणलं की पैसे सुटतात. त्या दिवशी आमच्यातल्या बऱ्याच जणींनी घेतलं. नाही म्हणणं अवघड असतं, कारण समोर कंपनी नसते, शेजारीण असते.

आता त्या पिवळ्या पाण्याबद्दल. आमचे दाजी तासगावचे, त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांना व्हिडिओ दाखवला तर ते हसायलाच लागले. द्राक्षावर जो पांढरट थर दिसतो त्याला लोक औषधाची पावडर समजतात. काही वेळा फवारणीचे डाग असतातही, पण सगळ्या मण्यावर एकसारखा असतो तो थर बहुतेक करून द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं. त्यांनी २०१० सालची आठवण काढली. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाचा अंश सापडला. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणून ओळखतात. ‘ते डोळ्याला दिसत असतं तर कंटेनर बंदरातून हललाच नसता,’ दाजी म्हणाले. फळात उरलेलं औषध मोजतात ते किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशात, तेही पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहेत तसल्या महागड्या यंत्रांवर. बाऊलमध्ये पाणी पिवळं करण्याएवढं कीटकनाशक द्राक्षावर असेल तर ती द्राक्षं धुवायची नसतात, फेकायची असतात.

मग पाणी बदलतं कशानं? आम्ही द्राक्षं न टाकताच पावडर आमच्या बोअरच्या पाण्यात टाकली. पाणी तरीही पांढरट झालं! बोअरचं पाणी जड असतं. धुण्याचा सोडा पडला की त्यातलं कॅल्शियम चुनखडीसारखं वेगळं होतं आणि पाणी गढुळतं. द्राक्षं असली की धूळ, मेण आणि सालीतली रंगद्रव्यं यांची भर पडते, म्हणून पिवळेपणा. त्या पावडरीवर व्हिनेगर टाकलं तर फसफसून आली. तिच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर लालभडक, आणि शेजारी खायच्या सोड्याच्या पाण्यात तोच रंग बराच फिका. (हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर, त्यामुळे हळदीकुंकवात फसलेल्यांनी हा प्रयोग जरूर करावा.) आत धुण्याचा सोडा किंवा त्याच जातीचं काहीतरी आहे, एवढं यावरून कळतं. माझ्या सासूबाईंनी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात ती पावडर घालून भाजी भिजवली होती. पातेलं आतून काळं पडलं आणि त्यांच्या बोटांची सालं निघाली. किराणा दुकानात हा सोडा किलोला शंभर रुपयांच्या आत मिळतो. आम्हाला पाव किलोचा डबा नऊशेला पडला.

दुसरा प्रयोग तर माझ्या भाचीनं, बारावी सायन्सच्या मुलीनं, उभ्या उभ्या करून दाखवला. ग्लासभर पाण्यात बीटाडीनचे थेंब, आणि त्यात अर्धं लिंबू. तपकिरी रंग गेला. आयोडीनला क जीवनसत्त्व भेटलं की त्याचं आयोडाइड होतं आणि आयोडाइडला रंग नसतो. आयोडीन कुठेही गेलेलं नसतं, त्या पाण्यातच असतं. व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी कुस्करून टाकली तरी हेच होतं. म्हणजे एन्झाइम म्हणून जे होतं त्यानं फरशीच्या लिक्विडमधलं काहीही साफ केलं नव्हतं, कारण बाऊलमध्ये फरशीचं लिक्विड नव्हतंच.

कीटकनाशकाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. वरवर राहिलेला अंश वाहत्या पाण्यात चोळून धुतला की बराच कमी होतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर केलेल्या अभ्यासात साध्या खायच्या सोड्याचं पाणी, लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात, १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन कीडनाशकं बहुतांशी निघाली. आत शिरलेला भाग मात्र निघाला नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी, औषधं कुठल्याच पावडरीनं बाहेर येत नाहीत. नऊशेच्या डब्यानं तर नाहीच.

इथपर्यंत पैशांचं झालं. मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

धाकट्या जावेचं बाळ तेव्हा रांगत होतं, आणि तिनं किट घेतलं ते मुख्यतः त्याच्यासाठी. डेमोत त्या ताई ठासून म्हणाल्या होत्या, ‘चुकून तोंडात गेलं तरी काही होत नाही, सगळं झाडपाल्याचं आहे.’ त्यामुळे फरशीचं लिक्विड वरच्या फळीवरून सिंकखाली आलं. एके दिवशी बाटली कलंडली आणि बाळानं माखलेला हात तोंडात घातला. ओठ लाल, दोन उलट्या, रडून रडून हाल. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं? आत काय आहे. आणि बाटलीवर होतं: ‘१००% नैसर्गिक वनस्पतीजन्य अर्क’. बस. साहित्याची यादी नाही, तयार करणाऱ्याचा पूर्ण पत्ता नाही, फोन नाही. बाळ संध्याकाळपर्यंत ठीक झालं, पण डॉक्टरांना अंदाजावर काम करावं लागलं. साध्या दुकानातल्या फिनेलच्या बाटलीनंही यापेक्षा जास्त सांगितलं असतं. असं काही घडलं तर स्वतःहून उलटी काढायला जाऊ नका, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा क्रमांकही लिहून ठेवा. आणि कण्हेर नि धोतरा हेही झाडपाल्याचेच असतात, कापूरही लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. नैसर्गिक आहे म्हणून बाटली खाली ठेवायची नाही.

पॅकबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे, हा २०११ च्या वजनमाप नियमांचा भाग आहे. आमच्या बाटल्यांवर त्याऐवजी आयएसओ ९००१ चा शिक्का मोठा होता. ते प्रमाणपत्र कारभाराच्या पद्धतीला मिळतं, बाटलीतल्या द्रवाला नाही. ‘नॅचरल’, ‘ग्रीन’ असे शब्द पुराव्याशिवाय वापरू नयेत अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलीत. डायरेक्ट सेलिंगचे नियम २०२१ च्या डिसेंबरचे आहेत. त्यांनुसार मेंबर करून घेण्यासाठी फी घेता येत नाही आणि विक्रेत्यानं ओळखपत्र दाखवलं पाहिजे. हे सगळं आम्हाला नंतर, तक्रार लिहिताना कळलं.

‘आवडलं नाही तर पैसे परत’ हे वाक्य डेमोत किती वेळा आलं असेल! बाळाचं झाल्यावर आम्ही फोन केला. आधी ‘कंपनीला कळवलंय’, मग ‘सील फुटलंय, परत घेत नाहीत’, मग ताईंनी व्हॉट्सअॅपवर ब्लॉकच केलं. त्यांच्या घरी गेलो तर हॉलमध्ये छतापर्यंत खोकी. त्यांनी वरच्या लेव्हलसाठी स्वतःचे दागिने गहाण ठेवून माल उचलला होता. त्यांच्याशी भांडावं की त्यांच्याबरोबर बसून रडावं, कळेना. त्यांच्या वरचा माणूस मात्र कोल्हापुरात नवे डेमो घेत होता, स्टेटसला फोटो होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथून पहिली मागणी आली ती बिलाची. आमच्यातल्या बहुतेकींनी पैसे ताईंच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयनं पाठवले होते, आणि समोर ‘थँक यू’चा स्टिकर सोडून काही आलं नव्हतं. कॉलनीतल्या दोघींनीच हट्ट करून कंपनीच्या नावाचं पावती पुस्तक काढायला लावलं होतं. त्या दोघींचे पैसे, कुरियरचा खर्च वजा करून, तीन-चार महिन्यांनी परत आले. आमच्या तक्रारीवर कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं: सदर विक्रीची आमच्याकडे नोंद नाही.