निबंध खुला करायचा, पण कुठून? गोल्ड की ग्रीन

आपला शोधनिबंध कुणालाही फुकट वाचता यावा असं वाटत असेल, तर लेखकापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. 'गोल्ड' वाटेत जर्नलच निबंध खुला ठेवतं. मांडणी झालेली अंतिम प्रत पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मिळते आणि संदर्भ देताना पानांचा घोळ होत नाही. पण बरीच जर्नलं त्यासाठी लेखकाकडून शुल्क घेतात, आणि नामांकित जर्नलांत ते हजारो डॉलरांत जातं. शुल्क न घेणारीही आहेत, त्यांना 'डायमंड' म्हणतात.

'ग्रीन' वाटेत निबंध नेहमीच्या जर्नलात छापायचा आणि परीक्षणानंतर स्वीकारलेली आपली प्रत विद्यापीठ ग्रंथालयाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायची. लेखकाला खर्च नाही. मात्र प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ बहुधा चढवता येत नाही, आणि काही प्रकाशक ६ किंवा १२ महिने, कधी त्याहून जास्त थांबायला लावतात. खरी मेख वेगळीच: ही स्वीकृत प्रत कुणी जपूनच ठेवत नाही! वर्षभराने ग्रंथपालांनी मागितली की जुन्या ईमेलांचे ढिगारे उपसणं आलं. स्वीकृतीचा निरोप येताच ती वेगळी काढून ठेवा.

अनुदानात शुल्काची तरतूद असेल तर गोल्ड सोयीचं. खिशातून पैसे घालायची वेळ आली, तर मी बेधडक ग्रीन म्हणेन. त्याआधी ग्रंथालयात एकदा विचारा: काही प्रकाशकांशी विद्यापीठांचे करार असतात, त्यात शुल्क आधीच भरलेलं असतं.